वडीलधाऱ्यांचे बोल वेळीच जतन करा

आपल्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या कपाटात जपून ठेवलेल्या आहेत. बालकाचे नाव, मातापित्यांची व धर्ममातापित्यांची नावे, तारीख, धर्मगुरूंची सही, एवढे त्यांत सापडते. परंतु ते कुटुंब येथे कोठून आले, का आले, घाट चढताना बरोबर काय आणले, याविषयी त्यांत एक अक्षरही नाही. ते वृद्धांच्या स्मरणात असते, आणि त्यांच्याबरोबरच मातीआड जाते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. गतवर्षी एका आजारी आजींना पवित्र कम्युनियन देण्यास गेलो होतो. सासूकडून ऐकलेली, जात्यावर म्हणावयाची एक ओवी त्यांनी म्हणून दाखविली. तीत गोव्यातील त्यांच्या मूळ गावाचे नाव होते. “फादर, बसा की, अजून पुष्कळ आहेत,” त्या म्हणाल्या. मला दुसऱ्या गावी मिस्सा होता. पुढील पहिल्या शुक्रवारी सावकाश ऐकेन, असे सांगून मी निघालो. तो शुक्रवार उजाडण्यापूर्वीच त्या ख्रिस्तवासी झाल्या. त्या गावाचे नावही आज मला आठवत नाही.

बेळगाव-खानापूरकडील आपल्या अनेक घराण्यांचे मूळ गोव्यात आहे. लोकांनी गोवा का सोडला याची मोठी कारणे ग्रंथांत मिळतात: १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा जाच (हे लिहिताना धर्मगुरूला संकोच वाटतो, पण ते खरे आहे), १६८४ चा कोकणी भाषेविरुद्धचा हुकूम, १७३९ साली बारदेश व साष्टीवर झालेली मराठ्यांची स्वारी. पण तुमच्या पूर्वजाने यांपैकी कशामुळे दाराला कडी घातली, की केवळ पोटासाठी तो निघाला, हे कोणताही ग्रंथ सांगणार नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्समधील गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली, तरी स्त्रियांना ओव्या पाठ होत्या. १९९० नंतरच्या दशकात त्यांतील कित्येक त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. ते काम कोणी केले नसते, तर त्याही गेल्या असत्या.

आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येक घरातील मोबाइलमध्येच आहे. पंखा बंद करावा, मोबाइल जवळ ठेवावा, प्रारंभी नाव, गाव व तारीख बोलून घ्यावी. “इतिहास सांगा” असे म्हटल्यास आजोबा गप्प होतील. पहिली चूल कोठे मांडली, लग्नात कोणते गाणे झाले, असे विचारावे. त्यांची बोली सुधारू नये. मध्येच थांबले तर थांबू द्यावे. पुष्कळदा त्यानंतरच खरी गोष्ट येते.

स्मरण चुकतेही. एका घरी “आमचे आजोबा प्लेगाच्या साथीत येथे आले” असे सांगतात. मुंबई इलाख्यात प्लेग आला १८९६ साली, आणि आजोबांचा बाप्तिस्मा त्यापूर्वी येथेच झाल्याची नोंद आहे. म्हणून ती कथा पुसू नये. नोंद शेजारी लिहून ठेवावी.

मोबाइल बिघडतो, हरवतो. दुसरी प्रत निराळ्या घरी ठेवावी, सारांश कागदावर लिहावा. हवे असल्यास एक प्रत माझ्याकडे द्यावी. ती नोंदवह्यांच्याच कपाटात राहील. मात्र सांगणाऱ्याने “हे घराबाहेर नको” म्हटले, तर ती मजकडेही आणू नये.