नोंद बंदुकीची, कसोटी न्यायाची

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की शस्त्र परवानाधारकांच्या मागे पोलीस ठाण्याच्या फेऱ्या लागण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षे कपाटात बंद असलेली बारा बोअरची बंदूक असो वा रानडुकरांपासून शेत राखणारी कोकणातील ठासणीची बंदूक, ती जमा करण्याची नोटीस येऊ शकते. शस्त्रांची नोंद सरकारदरबारी असावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो, ज्याने रीतसर नोंद केली त्याला शासनाने कसे वागवावे, हा.

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना देण्यापूर्वी पोलिसांचा अहवाल मागविला जातो. मात्र याच कायद्याने नागरिकालाही संरक्षण दिले आहे. परवाना नाकारताना वा रद्द करताना अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत, अशी तरतूद आहे आणि त्या निर्णयाविरुद्ध अपिलाची वाटही ठेवली आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवानाधारकांची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात आणून प्रत्येकाला विशिष्ट ओळख क्रमांक बंधनकारक केला. परवाने निरनिराळ्या जिल्ह्यांतून दिले जात असल्याने अशा एकत्रित नोंदीची गरज होतीच.

२०१९च्या दुरुस्तीने शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात तर ती एकच होती. ही मर्यादा वारसाने आलेल्या शस्त्रांनाही लागू असल्याने, आजोबांची बंदूक जपणाऱ्या कुटुंबांपुढेही जादा शस्त्र वर्षभरात जमा करण्यावाचून पर्याय उरला नाही. त्याच वेळी परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, हा दिलासा. हर्षोल्हासात केलेल्या बेदरकार गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, हेही योग्यच. येथे शिक्षा कृत्याला आहे, केवळ मालकीला नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार, बंदुकीने होणाऱ्या बहुतांश हत्यांत विनापरवाना शस्त्र वापरले जाते. गावठी कट्टा कोणत्याही नोंदवहीत नसतो. त्यामुळे नियम कडक झाले की प्रथम झळ बसते ती ज्याचे नाव आणि पत्ता शासनाला ठाऊक आहे त्यालाच. अर्थात परवानाधारकाचे शस्त्रही चोरीस जाते, घरगुती वादात बाहेर निघते. म्हणूनच नोंद अनावश्यक ठरत नाही.

तोल कसा साधावा, याचे उत्तर निवडणूक काळातील व्यवस्थेतच सापडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये सरसकट जमा करण्याऐवजी छाननीची पद्धत सांगितली. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले वा पूर्वी दंगलीत सहभागी असलेले परवानाधारक यांचा छाननी समितीने वैयक्तिक आढावा घ्यावा, ज्याचे शस्त्र जमा करायचे त्याला नोटीस द्यावी आणि निकालानंतर ते परत करावे, असा तिचा आशय आहे. सरसकट नोटिसा काढणे यंत्रणेला सोपे जाते, परंतु त्यात आरोपी आणि शेतकरी एकाच रांगेत उभे राहतात.

शस्त्राची नोंद हा शासन आणि नागरिक यांच्यातील विश्वासाचा करार आहे. नागरिकाने शस्त्र दडवू नये आणि शासनाने कारणाशिवाय ते काढून घेऊ नये. यातील दुसरी बाजू पाळली गेली, तरच पहिली टिकेल.