मत, मोल आणि मालकी : ईश्वरविद्येच्या डिजिटल ग्रंथांची सवलतीची विक्री

१. उपक्रमाचे स्वरूप

ग्रंथाची किंमत ठरविण्याचा अधिकार सामान्यतः प्रकाशकाचा किंवा विक्रेत्याचा असतो. ती द्यावी किंवा ग्रंथ घेऊ नये, एवढेच ग्राहकाच्या हाती उरते. अमेरिकेतील 'लोगोस' या संस्थेने २०१० नंतरच्या वर्षांत मार्च महिन्यात चालविलेल्या एका उपक्रमात मात्र या रीतीला निराळे वळण मिळालेले दिसते. १९९२ साली स्थापन झालेली ही संस्था वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथील असून, बायबलच्या अभ्यासासाठी संगणकीय प्रणाली तयार करणे आणि त्या प्रणालीत वाचावयाचे ग्रंथ विकणे हा तिचा व्यवसाय होय. या उपक्रमात कोणत्या ग्रंथकाराच्या पुस्तकांवर अधिक सवलत द्यावी, याचा निर्णय ग्राहकांच्या मतदानावर सोपविण्यात आला.

या मतदानाचा साचा क्रीडाक्षेत्रातून घेतलेला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली आठ संघांनिशी सुरू झाली. १९८५ मध्ये संघांची संख्या ६४ झाली व २०११ मध्ये ६८. एकदा हरलेला संघ स्पर्धेबाहेर जावयाचा, हा तिचा मूळ नियम. याच नियमाने ६४ ग्रंथकारांची जोडीजोडीने मांडणी केली, तर पहिल्या फेरीत ३२ जण गळतात आणि सहा फेऱ्या व एकूण ६३ लढती होऊन एकच विजयी उरतो. ग्रंथकार जसजसा पुढे सरकतो तसतशी त्याच्या ग्रंथांवरील सवलत वाढत जाते. तो जेथे हरतो तेथे ती थांबते. विजयी ग्रंथकाराचे ग्रंथ सर्वांत स्वस्त मिळतात.

येथे परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'थिऑलॉजी' या विषयास मराठीत पुष्कळदा 'धर्मशास्त्र' म्हटले जाते. परंतु त्या शब्दाने मराठी वाचकास प्रथम स्मृतिग्रंथ व निबंधग्रंथ आठवतात, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या बृहद्ग्रंथामुळे तो अर्थ अधिकच दृढ झाला आहे. ईश्वर, श्रद्धा व शास्त्रवचन यांचा तर्कशुद्ध विचार करणारी विद्या हा अर्थ अभिप्रेत असल्याने प्रस्तुत लेखात 'ईश्वरविद्या' हा शब्द योजला आहे.

२. 'मत' या शब्दाचे दोन अर्थ

'मत' हा शब्द संस्कृतातील 'मन्' या विचारार्थक धातूपासून आलेला आहे. 'जे मानले गेले ते' हा त्याचा मूळ अर्थ. अद्वैतमत, द्वैतमत, पूर्वमीमांसकांचे मत, असे आपण म्हणतो तेव्हा हाच अर्थ असतो. निवडणुकीतील 'मत' हा अर्थ आधुनिक होय. त्यात विचारापेक्षा निवड आणि निवडीपेक्षा गणना महत्त्वाची ठरते. पहिल्या अर्थाच्या मताचे खंडन-मंडन होते, दुसऱ्या अर्थाच्या मतांची बेरीज होते. ईश्वरविद्येच्या ग्रंथकारांवर मतदान होते तेव्हा हे दोन्ही अर्थ एकमेकांसमोर येतात. ज्यांनी आयुष्यभर मतांचे खंडन-मंडन केले, त्यांच्याच नावांपुढे मतांची बेरीज मांडली जाते.

या बेरजेतून ग्रंथकाराच्या विद्वत्तेविषयी काही सिद्ध होते काय? तसे मानण्यास आधार नाही. मत देणाऱ्याचा हेतू लक्षात घेतला म्हणजे हे स्पष्ट होईल. ज्या वाचकाकडे आपल्या आवडत्या ग्रंथकाराचे सर्व ग्रंथ पूर्वीच आहेत, त्याला त्या ग्रंथकाराच्या विजयाने कोणताही आर्थिक लाभ होत नाही. त्याचा लाभ आपल्या संग्रही नसलेल्या ग्रंथकाराला मत देण्यात असतो. कोणी आदरापोटी मत देतो, कोणी गरजेपोटी. गणनेत दोन्ही मते सारखीच धरली जातात. म्हणून असा कौल 'श्रेष्ठ कोण' या प्रश्नाचे उत्तर नसून, 'कोणाचे ग्रंथ स्वस्त व्हावेत असे अधिकांना वाटते' या प्रश्नाचे उत्तर आहे.

या पद्धतीचा दुसरा परिणाम अधिक विचारणीय आहे. ज्याचे नाव पूर्वीच सर्वतोमुखी आहे तो पुढे जाणार, हे उघडच होय. एखाद्या हिब्रू धातूवर किंवा एखाद्या लघुपत्रावर आयुष्य वेचणाऱ्या अभ्यासकाचे नाव पहिल्याच फेरीत गळण्याचा संभव अधिक. परंतु असे विशेष ग्रंथ प्रायः कमी खपाचे आणि म्हणून अधिक किमतीचे असतात. मोठ्या ग्रंथालयापासून दूर असलेल्या विद्यार्थ्याला सवलतीची खरी गरज तेथेच असते. परिणामी सवलत सर्वांत अधिक मिळते ती मागणी पूर्वीच असलेल्या ग्रंथांवर. मतदानात सहभागी होताना हा दोष ध्यानी ठेवला, तर निदान आपले मत कोठे द्यावे याचा विचार अभ्यासकास करता येईल.

३. डिजिटल रूपाची उपयुक्तता

मग असे ग्रंथ घ्यावेत तरी कशासाठी? याचे उत्तर या वाङ्मयाच्या घडणीत आहे. टीकाग्रंथ, शब्दकोश, शब्दसूची व प्रवचनसंग्रह हे सर्व एकाच मूळ ग्रंथाभोवती रचलेले असतात आणि त्या मूळ ग्रंथातील प्रत्येक वाक्याला निश्चित पत्ता असतो. बायबलची आज रूढ असलेली अध्यायविभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची असून तिचे श्रेय स्टीफन लँग्टन याला दिले जाते. नव्या करारातील वचनांचे क्रमांक रोबेर एस्तियेन या मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत प्रथम घातले. पुढे १८९० साली जेम्स स्ट्राँग याची शब्दसूची प्रसिद्ध झाली. तिच्यात मूळ हिब्रू शब्दांना १ ते ८६७४ आणि ग्रीक शब्दांना १ ते ५६२४ असे क्रमांक दिलेले आहेत. संगणक जन्मास येण्यापूर्वीच ही सामग्री संगणकास अनुकूल अशी सिद्ध झाली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

वचनांचे क्रमांक भाषांतरातही बहुतांशी तेच राहतात. सेरामपूर येथून १८११ साली प्रसिद्ध झालेल्या विल्यम कॅरीच्या मराठी नव्या करारातील वचन आणि त्याचे ग्रीक मूळ ही दोन्ही एकाच पत्त्यावर सापडतात. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकास या सोयीचे मोल विशेष कळेल. कारण तेथे आवृत्तीगणिक ओव्यांची संख्या बदलते व एका आवृत्तीतील संदर्भ दुसरीत शोधताना क्रमांक जुळवून घ्यावा लागतो.

तेव्हा अशा प्रणालीत ग्राहक जे मोल देतो ते केवळ अक्षरांचे नसते. एका वचनावर बोट ठेवताच त्यावरील वीस टीका उघडतात, हिब्रू शब्दावरून कोशातील नोंद मिळते. या जोडणीचे ते मोल असते. ज्या जुन्या लेखकांच्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे, त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. कॅल्व्हिन (१५०९–१५६४) किंवा स्पर्जन (१८३४–१८९२) यांचे पुष्कळसे वाङ्मय इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यांच्या संग्रहावर सवलत मिळते तेव्हा ती मजकुरावरील सवलत नसून जोडणीवरील सवलत होय. ज्याला केवळ सलग वाचावयाचे आहे, त्याला त्या सवलतीचेही प्रयोजन नाही.

४. 'विकत घेणे' आणि 'वहिवाट'

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सवलतीत ग्रंथ 'विकत घेतला' असे ग्राहक म्हणतो, तेव्हा त्याने नेमके काय घेतलेले असते?

छापील ग्रंथ विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होतो. ती प्रत तो विकू शकतो, दान करू शकतो, मुलांसाठी मागे ठेवू शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेच्या खटल्यात हे तत्त्व मान्य केले; पहिल्या विक्रीनंतर प्रतीच्या पुनर्विक्रीची किंमत प्रकाशकास बांधून देता येत नाही, असा तो निर्णय होता. डिजिटल ग्रंथाचे तसे नाही. त्याचा बहुधा परवाना दिला जातो आणि परवान्याच्या अटी विक्रेता ठरवितो. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही डिसेंबर २०१९ मध्ये वापरलेल्या ई-पुस्तकांची पुनर्विक्री स्वामित्वधारकाच्या अनुमतीवाचून करता येत नाही, असा निर्णय दिला.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्या, त्या विकणाऱ्या प्रकाशकास हक्क नसल्याच्या कारणावरून, ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतल्या व पैसे परत केले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा घेतलेली पुस्तके वाचणे अशक्य झाले. तेथेही पैसे परत मिळाले. परंतु पैसे परत मिळणे आणि ग्रंथ जवळ राहणे या गोष्टी एक नव्हेत. संग्रहातील ग्रंथांवर टिपणे करणाऱ्या अभ्यासकास हे सांगावयास नको.

या ठिकाणी भाषेचा प्रश्न कायद्यानेच उपस्थित केला आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये संमत केलेला व १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेला कायदा डिजिटल वस्तूंच्या विक्रेत्यांना 'विकत घ्या' अशा अर्थाचे शब्द मोकळेपणाने वापरू देत नाही. ग्राहकास केवळ परवाना मिळत आहे हे स्पष्टपणे सांगणे त्यांना बंधनकारक आहे. जी वस्तू ग्राहकास कायमची उतरवून घेऊन जोडणीशिवाय वापरता येते, तिला हे बंधन लागू नाही. एका क्रियापदाच्या अर्थाचे रक्षण करण्यासाठी विधिमंडळास कायदा करावा लागावा, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

मराठीत मात्र यासाठी नवा शब्द घडविण्याची गरज नाही. जमिनीच्या व्यवहारात 'मालकी' आणि 'वहिवाट' यांतील भेद आपल्या भाषेने फार काळापासून जपला आहे. वहिवाट असणारा वाटेने जातो-येतो, विहिरीचे पाणी घेतो. पण वाट किंवा विहीर विकू शकत नाही. डिजिटल ग्रंथाच्या ग्राहकाला जे मिळते ते या अर्थाने वहिवाटीच्या अधिक जवळचे आहे. शेतजमिनीची वहिवाट कालांतराने दृढ होऊ शकते; डिजिटल वहिवाट मात्र विक्रेत्याच्या अस्तित्वावर अवलंबून असते, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

५. निष्कर्ष

या विवेचनावरून असे दिसते की, मतदानाच्या उपक्रमात ग्राहकास जो अधिकार मिळतो तो किमतीपुरता आहे. ग्रंथ कोणत्या अटींवर जवळ राहावयाचा, याविषयी त्याचे मत विचारले जात नाही. सवलत मोठी दिसते ती मालकीच्या किमतीशी तुलना केल्यामुळे. वहिवाटीची किंमत म्हणून पाहिल्यास ती कित्येकदा यथायोग्यच असते.

म्हणून असा ग्रंथ घेण्यापूर्वी अभ्यासकाने चार गोष्टी पाहाव्यात : मजकूर अन्यत्र विनामूल्य मिळतो काय, आपल्याला जोडणीचा उपयोग आहे की केवळ वाचनाचा, ग्रंथ उतरवून ठेवून जोडणीशिवाय वाचता येतो काय, आणि परवाना दुसऱ्यास देता येतो काय. यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर सवलतीचा लाभ अवश्य घ्यावा. जो ग्रंथ पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचा आहे, तो मात्र अजून कागदावरचाच घ्यावा हे बरे.