भारतीय कलामहोत्सव, न्यूयॉर्क (१९५५)

न्यूयॉर्क येथील ‘म्यूझीयम ऑफ मॉडर्न आर्ट’ या कलासंग्रहालयाने १९५५ मध्ये भरविलेले भारतीय वस्त्रांचे व अलंकारकलांचे प्रदर्शन आणि त्यास जोडून योजलेले संगीत, नृत्य व चित्रपट यांचे कार्यक्रम. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाने चित्र-शिल्पांबरोबर चित्रपटालाही कलेचे स्थान दिले होते. त्याचा स्वतंत्र चित्रपट विभाग १९३५ मध्ये सुरू झाला व १९३९ च्या नव्या वास्तूत प्रेक्षागृहाचीही सोय करण्यात आली. प्रदर्शनातील मूक वस्तूंना प्रयोगांची व निवेदनाची जोड देणे त्यामुळे तेथे शक्य झाले.

प्रदर्शन एप्रिल ते सप्टेंबर १९५५ या काळात भरले होते. त्याची मांडणी अलेक्झांडर जिरार्ड याची होती. पाण्याचे लांबट कुंड, सोनेरी खांब आणि वर टांगलेल्या साड्या व इतर वस्त्रे यांतून त्याने एका काल्पनिक बाजाराचा आभास निर्माण केला. मांडणी नेत्रदीपक होती. तथापि तीतून दिसणारा भारत मुख्यत्वे परंपरागत कारागिरीचा होता. वस्त्र विणणाऱ्याचे जीवन केवळ वस्त्रावरून कळणे अवघडच. ही उणीव पूरक कार्यक्रमांनी, विशेषतः त्यांतील चित्रपटाने, काही अंशी भरून काढली.

संगीताच्या कार्यक्रमात सरोदवादक अली अकबर खाँ यांचे वादन झाले. तबल्याची साथ चतुरलाल यांची होती. शांता राव यांनी नृत्य सादर केले. रागसंगीत अमेरिकन श्रोत्यांना अपरिचित असल्याने प्रास्ताविक विवेचनाची आवश्यकता होती. ते काम विख्यात व्हायोलिनवादक येहूदी मेन्यूइन यांनी केले. याच भेटीत खाँसाहेबांच्या वादनाची दीर्घकालीन ध्वनिमुद्रिका तयार झाली. तीवरही मेन्यूइन यांचे निवेदन आहे. संग्रहालयातील मोजक्या श्रोत्यांपुरते राहिले असते असे संगीत त्यामुळे पाश्चात्त्य घरांत पोहोचले.

संग्रहालयाचे एक अधिकारी मन्रो व्हीलर १९५४ मध्ये कलकत्त्यास आले होते. तेथे त्यांनी सत्यजित राय यांच्या अपूर्ण चित्रपटाची स्थिरचित्रे पाहिली व तो या प्रसंगी दाखविण्याची इच्छा व्यक्त केली. पैशाअभावी रखडलेला हा चित्रपट पश्चिम बंगाल सरकारच्या अर्थसाहाय्याने पुरा होत होता. पुढे जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाने कलकत्त्यात त्याचा काही भाग पाहून व्हीलर यांच्याकडे अनुकूल अभिप्राय कळविला. ठरल्या वेळी प्रत पोहोचावी म्हणून राय व त्यांचे सहकारी यांना अखेरच्या दिवसांत अहोरात्र काम करावे लागले. उपशीर्षके घालण्यास अवधीच उरला नाही. अशा स्थितीत ३ मे १९५५ रोजी पाथेर पांचालीचे पहिले जाहीर प्रदर्शन या संग्रहालयात झाले. बंगाली न जाणणाऱ्या प्रेक्षकांनीही त्याचे चांगले स्वागत केले. कलकत्त्यातील चित्रपटगृहांत तो २६ ऑगस्ट रोजी, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांनी, झळकला. १९५६ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात मात्र तो १९५८ मध्येच लागला. व्यापारी वितरणाने ज्याची दखल घेतली नव्हती, त्या कृतीला संग्रहालयाच्या प्रेक्षागृहाने तीन वर्षे आधी प्रेक्षक मिळवून दिला होता.

प्रदर्शन यथावकाश आवरले गेले. चार्ल्स व रे ईम्झ या अभिकल्पक दांपत्याने त्यावर केलेला लघुपट उपलब्ध आहे. त्याचे निवेदन पुपुल जयकर यांचे आहे. याच निमित्ताने जुळलेल्या परिचयातून हे दांपत्य पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले. त्यांनी १९५८ मध्ये सादर केलेल्या अहवालात पाण्याच्या साध्या लोट्याच्या घडणीचे तपशीलवार विवेचन आढळते. या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली.