हिरवळीवर डाग पडले तर...

मैत्रिणींनो, कपड्यावर डाग पडला तर आपण आधी काय विचारतो? कशाचा पडला! चहाचा, तेलाचा की गंजाचा? कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. तेलाच्या डागावर दूध चोळत बसलेली गृहिणी मी अजून पाहिलेली नाही. पण दारापुढच्या हिरवळीवर तपकिरी डाग दिसला, की आपण सगळ्याजणी एकच गोष्ट करतो. नळी हातात घेतो आणि पाणी मारत सुटतो. मीही तेच केलं, आणि वर एका बाईला विनाकारण बोल लावला. ती हकीगत आधी सांगते, उपायांकडे मग वळू.

आमचं घर सोलापुरात, विजापूर रस्त्याच्या बाजूला. २०२१ साली बांधून झालं. पुढे वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी मोकळी जागा उरली. तिथे लॉन हवं हा हट्ट माझा. ह्यांचं म्हणणं, सोलापूरच्या उन्हात कडुलिंब आणि बोगनवेल सोडून दुसऱ्या कशाच्या नादी लागू नये. सासूबाईंना तिथे पापड वाळत घालायला फरशी हवी होती. पण मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा 'माझ्या पगारातून करते' असं जाहीर करून २०२३ च्या पावसाळ्यात मी नर्सरीतून हरळीच्या गाद्या आणल्या आणि अंथरल्या. चौरस फुटाच्या भावाने! मोहोळकडे माझं माहेर, शेतकऱ्याचं घर. आमचे अप्पा हे ऐकून हसतच सुटले. "अगं, आमचा जन्म गेला रानातली हरळी उपटण्यात, आणि तू ती मापाने विकत आणलीस?"

त्यांचं खोटं नव्हतं. गणपतीला आपण वाहतो त्या दूर्वा म्हणजे ही हरळीच, आणि शेतकऱ्याला जेरीस आणणारं तणही हेच. जमिनीवरून तिचे धावते फुटवे पसरतात आणि जमिनीखालून कांड्या चालतात. त्यामुळे वरचं पान करपलं म्हणून ती मेली असं समजू नये. डागाच्या जागची एक कांडी नखाने खरवडून बघावी. आतून पांढरट, ओलसर निघाली तर जीव आहे. तपकिरी आणि वाळकी निघाली, तर ती जागा गेली.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. २०२४ च्या मार्चमध्ये धुण्याच्या दगडापासून चार-पाच हातांवर सुपाएवढा डाग पडला. एप्रिलमध्ये तो परातीएवढा झाला, मग चटईएवढा. मी एक दिवस मावशींना, म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करतात त्यांना, तोंडावर विचारलं, "साबणाचं पाणी इकडे ओतता ना?"

"न्हाई बाई. मोरीतच टाकते की."

"मग हे काय आपोआप जळलं?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या, खाली मान घालून काम केलं आणि गेल्या. आणि मी? मी पाणी मारत राहिले. २०२४ चा तो उन्हाळा सोलापूरकर विसरणार नाहीत. उजनी धरणाचा साठा वजामध्ये गेला होता, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा राखीव साठा उपसायची पाळी आली होती. नळाला पाणी दिवसांआड, तेही कधी पहाटे तर कधी रात्री. पलीकडच्या गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग लागे, आणि मी बोअरचं पाणी त्या डागावर अर्धा-अर्धा तास सोडत असे. अंधार पडल्यावर, कुणी बघू नये म्हणून. लिहिताना आजही लाज वाटते.

एप्रिलच्या शेवटी अप्पा डोळे तपासायला आले. मोतीबिंदू पिकायला आला होता, नीट दिसत नव्हतं. सकाळी अनवाणी हिरवळीवर फिरता फिरता ते एकदम थांबले. "इथं पायाला चटका बसतोय. खाली काय पुरलंयस?" मी म्हटलं, काही नाही, माती आहे. त्यांनी ह्यांच्या हत्यारांतला लांब पेचकस मागितला आणि हिरव्या जागी खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. मग डागात खुपसला. दोन इंचांवर टक्‌ करून थांबला. पुढे सरकवला, पुन्हा टक्‌.

त्या संध्याकाळी आम्ही ती जागा खणली. निघालं काय? विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटचे वाळलेले गोळे, वाकडी सळई. घर बांधून झाल्यावर उरलेला राडारोडा बाहेर नेण्याऐवजी त्या लोकांनी तिथेच खड्ड्यात लोटून वर माती पसरली होती. पावसाळ्यात आणि थंडीत दोन इंच मातीवर गवताचं भागतं. मार्चचं ऊन लागलं की खालच्या विटा तापतात, मुळांना खाली जायला जागा नसते, आणि वरून ओतलेलं पाणी फटींतून निघून जातं. सिमेंटमधला चुना माती खारवतो तो वेगळाच. दोन महिने मी दगडविटांना पाणी पाजत होते!

दुसऱ्या दिवशी मावशींची माफी मागितली. "आता कळलं नव्हं, बस्स की," एवढंच त्या म्हणाल्या. पण पुढचा आठवडाभर चहाला थांबल्या नाहीत. खरं तर मी नीट पाहिलं असतं तरी कळलं असतं. साबणाच्या पाण्याचा डाग ओघळासारखा लांबट पडतो, उताराच्या दिशेने. माझा डाग उताराला आडवा होता.

आता तुमच्या डागाकडे येऊ. मी बी.ए.ला इतिहास घेतलेला, वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध नाही. पण मुलांचे पेपर तपासताना लाल खूण करण्याआधी उत्तर पूर्ण वाचायचं असतं, तेवढीच शिस्त इथे लागते.

आधी आकार पाहा. ताटलीएवढा वाळका ठिपका आणि भोवती गर्द हिरवं कडं असेल, तर ते कुत्र्याचं काम. मूत्रातल्या नत्राने मधलं गवत जळतं आणि कडेच्या गवताला तेच खत होतं. तिथे बादलीभर पाणी ओतून माती धुवावी, की संपलं. कडं नसलेले वेडेवाकडे जळके ठिपके आणि आठवड्यापूर्वी तुम्ही युरिया टाकलेला, तर गुन्हेगार तुम्हीच. युरिया ओल्या पानांवर कधी टाकू नये, आणि टाकल्यावर लगेच भरपूर पाणी द्यावं. पश्चिमेकडच्या भिंतीलगतचा पट्टा वाळत असेल तर ती भिंतीची धग आहे. मातीवर पांढरी खपली दिसते का तेही बघा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ती येते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी पुष्कळ जणी झाडांना घालतात. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात, म्हणून हिरवळीला ते नकोच. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी मात्र खुशाल घाला.

आकारावरून उलगडा झाला नाही, तर डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. ही परीक्षा मला त्याच वर्षी सप्टेंबरात उपयोगी पडली. कडुलिंबाच्या बाजूला गवत पिवळं पडत होतं आणि साळुंक्या सकाळपासून तिथेच टोचत बसलेल्या. मूठभर ओढलं, तर सतरंजी उचलावी तशी गवताची घडीच वर आली. खाली मुळंच नव्हती! होती ती हुमणी. चंद्रकोरीसारखी वळलेली, जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी. एक फूट लांबीरुंदीच्या तुकड्यात मला सात सापडल्या. उसाच्या भागातल्या मैत्रिणींना तिची ओळख करून द्यायला नको. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुलिंब-बाभळीवर पाला खायला बसतात. त्या आठ-पंधरा दिवसांत रात्री फांद्या हलवून पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकले, तर पुढचा त्रास पुष्कळ टळतो. अळ्या झाल्यावर मी हाताने वेचल्या (धाकटा चिरंजीव मोजत होता, त्याला फार मौज वाटली) आणि कृषी केंद्रातून मेटाऱ्हायझियम नावाची बुरशी आणून ओल्या मातीत संध्याकाळी मिसळली. ही बुरशी अळीला रोग लावते. घरात लहान मुलं असताना विषारी औषधापेक्षा मला हे बरं वाटलं. आणि हो, कच्चं शेणखत कधी घालू नका. हुमणी त्यातूनच घरी येते. ज्या हिरवळीवर विषारी औषध मारलं असेल तिथल्या दूर्वा पूजेला घेऊ नका आणि कापलेलं गवत गाईपुढे टाकू नका.

ओढल्यावर मुळं जमिनीतच राहिली आणि नुसती पानं बुडाशी कुजून सुटून आली, तर ती बुरशीची खूण. दमट, उबदार रात्री तिला मानवतात. डाग गोलसर असतो, आणि सकाळी दव असताना कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. अशा वेळी युरिया बंद, संध्याकाळचं पाणी बंद. पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावं, म्हणजे दिवसा पानं कोरडी होतात. माझं रात्रीचं चोरटं पाणी या दृष्टीनेही चुकीचंच होतं. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. डाग वाढतच गेला तर कडेचं गवत मुळासकट पिशवीत घालून कृषी केंद्रात दाखवा, आणि तिथे नाव कळल्यावरच औषध घ्या.

ओढून गवत सुटलं नाही, तर पेचकस. हिरव्या आणि तपकिरी, दोन्ही जागी खुपसून फरक बघायचा. टक्‌ आवाज झाला तर खाली दगडविटा. आवाज न होता नुसतंच आत जाईना, तर माती घट्ट झालेली किंवा पाणी खाली पोचत नाही. आपली काळी माती तुडवली की दगडासारखी होते. काट्याने जागोजाग भोकं पाडून त्यांत वाळू आणि कुजलेलं शेणखत भरावं. कधी कधी मातीचा दोष नसून वर वाळक्या काड्यांची गादी साचलेली असते आणि पाणी तिच्यावरूनच वाहून जातं. ती दाताळ्याने विंचरून काढावी. उन्हाळ्यात गवत फार बुडापासून कापू नये, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त तर नाहीच.

आमच्या डागाचं आम्ही असं केलं. राडारोडा फूटभर खोलीपर्यंत उपसला. पोयटा माती, थोडी वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून खड्डा भरला, पाणी सोडून माती बसू दिली, पुन्हा भर घातली. उन्हाळ्यात लावायची घाई केली नाही. जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर कडेच्या हिरव्या भागातून सुरीने वड्या पाडाव्यात तसे गवताचे तुकडे काढून वीतभर अंतराने लावले आणि पायाने दाबले. पंधरा दिवस रोज थोडं पाणी, त्यानंतर खोल पण कमी वेळा. नवरात्रात जोड ओळखू येत नव्हता.

पाणी किती, हा प्रश्न राहिला, आणि सोलापुरात तोच मोठा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. माझी दोनशे चौरस फुटांची हिरवळ म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. तिला एकदा इंचभर, म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाणी द्यायचं तर साधारण ४६५ लिटर लागतात. दोनशे लिटरची दोन पिंपं भरून वर आणखी! उन्हाळ्यात आठवड्याला एवढ्यावर ती कशीबशी तग धरते. मी हा हिशेब वहीत मांडला आणि ह्यांच्यापुढे ठेवला. ते काही बोलले नाहीत. न बोलण्याची त्यांची एक पद्धत आहे, ती मला पंधरा वर्षांत पाठ झाली आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत, आम्ही हिरवळ निम्मी केली. कडुलिंबाच्या सावलीत अंग चोरून वाळणारा भाग काढला, भिंतीकडचा तापणारा पट्टा काढला. उरलेल्या शंभर चौरस फुटांना सव्वादोनशे-अडीचशे लिटर पुरतात, आणि त्यातलं बरंचसं स्वयंपाकघरातूनच निघतं. मावशी आता भाज्या-तांदळाचं पाणी स्वतःच बादलीत साठवतात आणि ओतायच्या आधी मुद्दाम मला हाक मारून दाखवतात, "बघा बाई, साबण न्हाई की!" पहिल्यांदा मला कसंसंच झालं. आता दोघी हसतो.

काढलेल्या जागेवर शहाबादी फरशी घातली. तिच्यावर सासूबाईंचे पापड वाळतात. कुत्रा मात्र अजून येतो.