ओढ्यात उतरलेले कंदील

सोलच्या मधोमध चॉन्गग्ये नावाचा चौक आहे. चौकाच्या तोंडाशी लाल-निळ्या रंगाचं, शंखासारखं वळत वर गेलेलं वीस मीटर उंचीचं शिल्प उभं आहे. क्लेस ओल्डनबर्ग आणि कोश्ये व्हान ब्रुगेन या जोडप्याची ही कलाकृती २००६ साली बसवली, तेव्हापासून तिच्याबद्दल शहरात दोन तट आहेत. शिल्पाच्या मागे पायऱ्या उतरल्या की रस्त्याच्या पातळीखाली एक ओढा वाहताना दिसतो. त्याचं नाव चॉन्गग्येचॉन. हिवाळ्यात महिनाभर या ओढ्याच्या पात्रात कंदील उभे राहतात.

हे कंदील टांगलेले नसतात, पाण्यातच रोवलेले असतात. कुठे राजाची मिरवणूक, कुठे वाद्यं वाजवणारे, कुठे वाघ, कुठे आजकालच्या मुलांची लाडकी कार्टूनं. पुतळ्याएवढ्या या आकृत्या आतून उजळलेल्या असतात आणि खालच्या पाण्यात त्यांचं दुसरं, हलतं रूप दिसतं. त्या बनवण्याची रीत ओळखीची वाटावी अशी आहे. आपल्याकडे आकाशकंदिलाला बांबूच्या कामट्या लागतात, इथे लोखंडी तार वाकवून सांगाडा करतात. त्यावर हानजी, म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कोरियन कागद, किंवा कापड ताणून चिकटवतात, मग रंगवतात. आत दिवे बसवतात. हानजीचे धागे लांब असल्यामुळे तो सहज फाटत नाही, आणि उजेड त्यातून गाळून आल्यासारखा मऊ येतो. प्लास्टिकच्या झगमगाटाला सरावलेल्या डोळ्यांना हा फरक लगेच कळतो.

उत्सव मात्र अगदी तरुण. पहिला भरला २००९ च्या नोव्हेंबरात, आणि कारण सरळ पर्यटनाचं होतं: २०१० ते २०१२ हा काळ कोरियाने ‘भेट द्या’ वर्षं म्हणून जाहीर केला होता. सोलचा खरा जुना कंदीलसोहळा वेगळाच आहे. तो वसंतात, बुद्धजयंतीच्या सुमारास निघतो. त्या मिरवणुकीला शेकडो वर्षांची परंपरा आहे आणि २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही तिची नोंद झाली. ओढ्यातल्या सरकारी उत्सवाला असा वारसा नव्हता. त्याने तो उसना घेतला, असा आरोप झाला आणि भांडण जुंपलं.

भांडायला आलं दक्षिणेकडचं जिंजू हे शहर. १५९२ साली जपानी फौजांनी जिंजूच्या किल्ल्याला वेढा घातला होता. किल्लेदार किम शी-मिन यांच्याजवळ चार हजारांच्या आतबाहेर माणसं होती आणि शत्रू त्यांच्या कितीतरी पट. किल्ल्याला लागून वाहणाऱ्या नाम नदीत पेटते दिवे सोडून बाहेरच्या सैन्याला खुणा केल्या, शत्रूला नदी ओलांडू दिली नाही, आत अडकलेल्यांनी घरच्यांना खुशाली कळवली, अशा आठवणी तिथे सांगितल्या जातात. किल्ला टिकला. किम शी-मिन मात्र लढाईतल्या जखमेने गेले. पुढच्या वर्षी किल्ला पडला आणि भयंकर कत्तल झाली. आज जिंजूमध्ये दर ऑक्टोबरला नदीवर कंदील तरंगतात ते या आठवणीखातर. आणि तेव्हा महिन्याभरातच राजधानी तसेच कंदील तशाच पाण्यावर मांडायची, तेही अवाढव्य तिजोरीच्या बळावर, हे जिंजूकरांना कसं रुचावं?

२०१३ मध्ये जिंजूचे महापौर ली चांग-ही सोलच्या महापालिकेसमोर फलक घेऊन एकटेच उभे राहिले. कोरियात एकट्याचं आंदोलन कायद्याने ‘सभा’ ठरत नाही, त्याला पूर्वसूचना लागत नाही. म्हणून तिथे कामगारापासून पुढाऱ्यापर्यंत सगळेच हा मार्ग धरतात. तरी एका शहराचा प्रथम नागरिक दुसऱ्या शहराच्या दारात असा उभा राहणं ही बातमीच होती. पुढे समेट झाला. सोलने आपल्या उत्सवाच्या नावातला ‘कंदील उत्सव’ हा सरळ शब्द काढला आणि ‘बित्-चोरोंग’ हे नाव घेतलं. बित् म्हणजे प्रकाश, चोरोंग म्हणजे हातात धरायचा कंदील. म्हणजे कंदील गेला आणि दुसऱ्या नावाने परत आला, असं म्हणायला हरकत नाही.

कंदील उसना असेल, तर ओढाही काही अस्सल नाही. जोसॉन राजवटीत तो राजधानीचा मुख्य नाला होता. कपडे तिथेच धुतले जात, घाणही तिथेच वाहत जाई. कोरियन युद्धानंतर निर्वासितांनी काठावर झोपड्या उभारल्या. १९५८ पासून त्याच्यावर टप्प्याटप्प्याने काँक्रीट पडलं आणि नंतर वरून उन्नत महामार्ग गेला. नाल्यावर स्लॅब टाकून वर गाड्या लावण्याचा उद्योग आपल्या शहरांनाही ठाऊक आहे. उलटं पाऊल क्वचित पडतं. सोलमध्ये ते पडलं. महापौर ली म्युंग-बाक यांनी २००३ च्या जुलैत महामार्ग पाडायला घेतला आणि १ ऑक्टोबर २००५ ला सुमारे ५.८ किलोमीटरचा ओढा लोकांसाठी खुला झाला. काठावरच्या फेरीवाल्यांना उठावं लागलं. पाणी बहुतांशी हान नदीतून पंपाने चढवून सोडलेलं आहे, त्यामुळे याला लांबलचक कारंजं म्हणणारे टीकाकारही आहेत. ली यांना ते कारंजं फळलं: २००८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले.

आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात, त्यांनीच घडवलेल्या या चौकात, त्यांच्याच विरोधात मेणबत्त्या पेटल्या. निमित्त अमेरिकन गोमांसाच्या आयातीचं होतं. शाळकरी मुली पुढे होत्या. मेणबत्ती कागदी पेल्यात धरायची, म्हणजे वाऱ्याने विझत नाही आणि मेण हातावर ओघळत नाही. दिसायला तोही छोटा कंदीलच. २९ ऑक्टोबर २०१६ ला राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्याविरुद्धचा पहिला मोठा मेणबत्ती मोर्चाही याच चौकातून निघाला. नोव्हेंबरात खाली ओढ्यात महापालिकेचे कंदील लागले, तेव्हा वर रस्त्यावर शनिवारमागून शनिवार लाखोंचे जथे लोटत होते. सोलच्या या भागाला उजेडाची हौस आहे, पण तो कोणी लावायचा यावर एकमत नाही.

अलीकडे उत्सव नोव्हेंबर सोडून डिसेंबर-जानेवारीत सरकला आहे. २०२२ साली तो जवळच्या ग्वांगह्वामुन चौकात भरला. १३ डिसेंबर २०२४ ला ओढ्यात कंदील लागले, तेव्हा देशात अल्पजीवी लष्करी कायदा लागू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते, आणि दुसऱ्याच दिवशी संसदेने राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालवायचा ठराव मंजूर केला. या खेपेला निदर्शकांच्या हातात मेणबत्त्यांपेक्षा पॉप-संगीताच्या चाहत्यांच्या रंगीत प्रकाशकांड्या जास्त होत्या.

पाहायला जायचं तर संध्याकाळी अंधार पडल्यावर जावं. प्रवेश फुकट आहे, ग्वांगह्वामुन आणि जोंगगाक ही मेट्रो स्थानकं चालत जाण्याइतकी जवळ आहेत. थंडी शून्याखाली उतरते, म्हणून हातमोजे हवेतच. वर रस्त्यावरच्या गाड्यांवर माशाच्या आकाराचं, आत गोड लाल चवळीचं सारण भरलेलं बुंगॉप्पांग मिळतं, त्याने पोट आणि बोटं दोन्ही गरम होतात.

ग्वांगतोंग्यो या दगडी पुलाखालून जाताना मात्र कंदिलांवरची नजर काढून भिंतीकडे पाहावं. राजा तेजोंगने १४१० साली हा पूल दगडात बांधताना सावत्र आईच्या समाधीचे कोरीव दगड वापरले. तिच्या मुलांना त्याने आधीच गादीच्या भांडणात मारलं होतं. काही दगड चक्क उलटे बसवलेले आहेत. हजारो पाय आपल्या सावत्र आईच्या समाधीवरून जावेत, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. लोकांनी त्या पुलाचं वेगळंच काही केलं. चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला रात्री पूल ओलांडले की वर्षभर पाय दुखत नाहीत, अशी समजूत पडली, कारण कोरियन भाषेत ‘दारी’ म्हणजे पूलही आणि पायही. भर हिवाळ्यातल्या त्या रात्री इथे चंद्राच्या उजेडात गर्दी उसळायची.

चौकापासून किलोमीटरभर पुढे गेलं की कंदील संपतात. पण ओढा पूर्वेकडे वाहत राहतो, आणि आणखी दोनेक किलोमीटरवर कापडबाजारासमोरच्या पुलावर जॉन ते-इल यांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. शिवणकाम कारखान्यांतल्या मुलींचे हाल थांबावेत म्हणून १३ नोव्हेंबर १९७० ला या बावीस वर्षांच्या कामगाराने इथेच स्वतःला पेटवून घेतलं होतं. पुतळ्याभोवतीच्या फरशीत लोकांनी आपापली नावं कोरून घेतली आहेत. उत्सवाची रोषणाई इथवर येत नाही. शेजारच्या घाऊक बाजाराच्या ट्यूबलाइटी मात्र पहाटेपर्यंत चालू असतात आणि कपड्यांचे गठ्ठे लादलेल्या मोटरसायकली पुतळ्याजवळून जात राहतात.