माफक दामातली वाईन आणि तिची पारख

घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड ही उपनगरे एका सूत्रात ओवीत ठाण्याकडे जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग हा मूळचा आग्रा रोड; आणि हाच जुना रस्ता पुढे भिवंडी, शहापूर मागे टाकून, कसाऱ्याचा घाट चढून, नाशिकच्या द्राक्षांच्या मुलखात शिरतो. माघ-फाल्गुनात या वाटेने द्राक्षांच्या पेट्या मुंबईच्या बाजारात उतरतात, हे आपण सारे जाणतो. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत त्याच मुलखातून, मुलुंडच्या नाक्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवरून, चांगल्या प्रतीची वाईनही येऊ लागली आहे, आणि ती मध्यमवर्गीय गृहस्थाच्या ऐपतीत बसणारी आहे, याची जाणीव मात्र अजून पुरेशी रुजलेली नाही. अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या दुकानात वाईनच्या फळीपुढे उभा राहिलेला ग्राहक अद्याप किमतीवरून गुणाचा अंदाज बांधतो, परदेशी चिठ्ठी पाहून दबतो, आणि घरी येताना बहुधा एक तर अकारण महाग किंवा अकारण गोड अशी बाटली घेऊन येतो. या ग्राहकाला चार गोष्टी नीट समजल्या तर कमी पैशात त्याला उत्तम जिन्नस मिळू शकेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पहिली गोष्ट किमतीची. वाईनच्या बाटलीवर छापलेला आकडा हा केवळ द्राक्षांचा आणि कारागिरीचा मोबदला नसतो. त्यात जकात, वाहतूक, मध्यस्थांचा नफा आणि जाहिरात यांचा वाटा फार मोठा असतो. परदेशी वाईनवर आपल्याकडे दीर्घकाळ दीडशे टक्के आयातशुल्क राहिले आहे. म्हणजे बंदरात चारशे रुपये किमतीची म्हणून उतरलेली बाटली जकात नाक्यातून बाहेर पडते तीच हजार रुपयांची होऊन. राज्याचे कर आणि विक्रेत्यांची दलाली तिच्यावर नंतर चढते. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व्यापारकराराची अंमलबजावणी 29 डिसेंबर 2022 पासून सुरू झाली आणि तेथील काही वाईनवरील शुल्क उतरू लागले खरे. परंतु ती सवलत बाटलीमागे किमान पाच डॉलर आयातमूल्य असलेल्या मालालाच आहे, तेव्हा सर्वांत स्वस्त मालाला तिचा स्पर्श होत नाही. याचा अर्थ असा की दीड हजार रुपयांची परदेशी बाटली ही पुष्कळदा तिच्या मायदेशातली अगदी सामान्य, रोजच्या जेवणातली वाईन असते, आणि हजार रुपयांच्या आत मिळणारी नाशिकची किंवा सोलापूरची बाटली गुणांत तिच्या बरोबरीची, क्वचित सरसही ठरते.

देशी वाईनला हे बळ सरकारी धोरणामुळे मिळाले, आणि ते धोरण येण्यापूर्वी काही धाडसी माणसांनी वाट पाडून ठेवली होती. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगावी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाईन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने विलायतेच्या बाजारात नेली. त्यानंतर अमेरिकेतून शिकून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरातील आपल्या कौटुंबिक जमिनीत वाईनची द्राक्षे लावली, आपल्या आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून कारखान्याला ‘सुला’ हे नाव दिले, आणि 2000 साली पहिली वाईन बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, 2001 मध्ये, महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, राज्यातील द्राक्षांपासून बनलेल्या वाईनला उत्पादनशुल्कात माफी दिली, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्यानांची आखणी केली. त्या आधाराने कारखाने उभे राहिले. पुढे अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी एकत्र येऊन सोलापूर जिल्ह्यात ‘फ्रातेली’ची उभारणी केली, आणि माळशिरस तालुक्याच्या उन्हाळ मातीत इटालियन वेल रुजले.

या वेलींची एक विशेष गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण बाटलीवरील वर्षाचा अर्थ तिच्यातून उलगडतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात जागा होतो आणि शरदात फळ देतो. आपल्याकडे त्याला झोपवणारी थंडी नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा त्याच्यावर कात्री चालवतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि वेल नव्या काड्या धरतो. पावसाळा ओसरत असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी होते आणि त्या काड्यांवर घड लागतात. तोडणी जानेवारी ते मार्च या कोरड्या, थंड रात्रींच्या दिवसांत होते. घड शक्यतो पहाटेच्या गारव्यात उतरवतात, म्हणजे कारखान्यात पोचेपर्यंत ते उन्हाने तापत नाहीत. ज्या वर्षी तोडणी झाली त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्या हंगामाची पांढरी वाईन दुकानात येऊ शकते. म्हणजेच अगदी ताजी वाईन मिळण्याचे भाग्य येथील ग्राहकाला आहे, आणि माफक किमतीच्या वाईनचा खरा गुण ताजेपणा हाच असतो.

वाईन जितकी जुनी तितकी चांगली, ही समजूत या ठिकाणी टाकून द्यावी. दहा-वीस वर्षे तळघरात मुरणाऱ्या वाईन जगात आहेत, परंतु त्या वेगळ्या घडणीच्या आणि वेगळ्या किमतीच्या. हजार रुपयांच्या आतली वाईन लवकर पिण्यासाठीच बनवलेली असते. पांढरी किंवा गुलाबी वाईन घेताना चालू किंवा गेल्या हंगामाचे वर्ष पाहावे. तांबडी असेल तर दोन-तीन वर्षांपर्यंत हरकत नाही. बाटली हातात घेऊन चिठ्ठीच्या दोन्ही बाजू शांतपणे वाचाव्यात. द्राक्षाच्या वाणाचे नाव, हंगामाचे वर्ष, उत्पादनाचे ठिकाण आणि मद्यार्काचे प्रमाण, या चार नोंदी जिथे स्पष्ट आहेत तिथे उत्पादकाला लपवण्यासारखे फारसे काही नसते. दुकानाच्या दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात उभी केलेली बाटली कितीही आकर्षक दिसली तरी घेऊ नये. आपल्या दमट, उष्ण हवेत वाईनचा सर्वांत मोठा शत्रू ऊन हाच आहे. बूच वर सरकलेले असेल, मानेजवळ गळतीचा ओघळ सुकलेला असेल, किंवा पांढऱ्या वाईनवर तपकिरी झाक चढली असेल, तर ती तापलेली आहे असे समजावे. फिरकीचे झाकण मात्र कमी दर्जाचे लक्षण मानू नये. तरुण वाईनचा ताजेपणा ते उत्तम राखते.

वाणांच्या बाबतीत एक नियम फार उपयोगी पडतो: कमी पैशात अशी वाईन घ्यावी की जिला महाग लाकडाची गरज नाही. ओकची पिंपे परदेशातून येतात, त्यांचा खर्च मोठा, आणि तो खर्च न पेलता त्या चवीचा भास निर्माण करणारी स्वस्त वाईन कृत्रिम लागते. याउलट फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातून आलेले आणि नाशिकला चांगले मानवलेले ‘शेनिन ब्लाँ’ हे वाण पोलादी टाकीत, थंड तापमानात आंबवले की पेरू, लिंबू आणि मधाचा गंध देते. ‘सोविन्यों ब्लाँ’ हिरव्या मिरचीच्या व कापलेल्या गवताच्या वासाची, अधिक चुणचुणीत वाईन देते. आणि तांबड्यांत ‘शिराझ’ हे वाण थोड्या काळीमिरीच्या तिखटाईसह रसरशीत उतरते. ‘पोर्ट’ या नावाने स्वस्तात मिळणाऱ्या अतिगोड बाटल्यांपासून आरंभ करणारे पुष्कळ आहेत. परंतु अतिरिक्त साखर द्राक्षाचे गुण आणि अवगुण दोन्ही झाकून टाकते, म्हणून जिभेचे शिक्षण तिच्यापासून होत नाही. जिला शंका असेल त्या व्यक्तीने 375 मिलिलिटरची अर्धी बाटली घेऊन आरंभ करावा.

आस्वादाच्या भाषेने कोणी गांगरण्याचे कारण नाही. ज्या समाजाने अन्नाचा विचार षड्रसांत केला, त्याच्यापाशी वाईन पारखण्याची साधने मुळातच आहेत. मधुर, अम्ल आणि कषाय या तीन रसांचा तोल पाहावा. अम्लता कमी पडली तर वाईन मिळमिळीत होते. अधिक झाली तर दात आंबतात. तांबड्या वाईनमधला कषाय रस द्राक्षाच्या सालीतून व बियांतून येतो, आणि कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आकसते तशी ती आकसवतो. घोट घेण्यापूर्वी पेला एकतृतीयांशच भरावा, हलकेच फिरवावा, वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिरक्याचा दर्प आला तर वाईन बिघडलेली आहे, आणि ती परत करण्यात संकोच बाळगू नये.

तापमानाकडे आपल्याकडे अक्षम्य दुर्लक्ष होते. तांबडी वाईन घरातल्या तापमानाला प्यावी, हा दंडक थंड देशांतल्या घरांचा. तिथे त्याचा अर्थ सोळा ते अठरा अंश असा होतो. घाटकोपरच्या दिवाणखान्यात मे महिन्यात पारा तिशीच्या वर असतो, आणि त्या उष्म्यात कोणतीही तांबडी वाईन जड, मद्यार्काने जळजळीत लागते. म्हणून तीही फ्रिजमध्ये तास-दीड तास ठेवून मगच काढावी. पांढरी आणि गुलाबी आठ-दहा अंशांपर्यंत गार असावी. घाई असेल तर बादलीत नुसता बर्फ न घालता बर्फ आणि पाणी समप्रमाणात घालावे, कारण बाटलीभोवती पाणी सर्व बाजूंनी भिडते आणि ती लवकर निवते. 750 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच पेले होतात. उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस तिची चव टिकते. न उघडलेली बाटली स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवू नये. कपाटाचा तळाचा, अंधारा कोपरा बरा.

वाईनची खरी कसोटी जेवणाच्या पानावर लागते, आणि येथे उपनगरांची समृद्धी मोठी आहे. तळलेले बोंबील किंवा रव्यातले पापलेट यांच्यासोबत सोविन्यों ब्लाँची अम्लता लिंबाची फोड पिळल्याचे काम करते. कोथिंबीर वडी, बटाटेवडा यांच्या तळणीला फेसाळ वाईन जीभ स्वच्छ करून साथ देते. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांतल्या गोडसर डाळीला, उंधियूला किंचित गोडवा असलेली शेनिन शोभते. मालवणी वा कोल्हापुरी तिखटासमोर मात्र कडक, तुरट तांबडी नेऊ नये. मद्यार्क आणि कषाय रस दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तिथे गार केलेली गुलाबी वाईन किंवा सौम्य शिराझ योग्य. पुरणपोळीला उशिरा तोडलेल्या, अधिक पिकलेल्या शेनिनची गोड वाईन द्यावी. हा योग एकदा तरी अनुभवण्याजोगा आहे.

वाईन ही उपनगरांना सर्वस्वी परकी आहे, असेही समजू नये. मरोळ, आंबोली, गोराई येथील गावठाणांत राहणारे मराठीभाषक ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक नाताळासाठी काळ्या मनुका, साखर, गहू आणि खमीर चिनी मातीच्या बरणीत घालून, फडके बांधून, रोज लाकडी पळीने ढवळत आंबवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. लग्नातल्या उंबराच्या पाण्याच्या विधीला तर दालचिनी-लवंगेचे ऊन खिमाड हवेच. आयुर्वेदाचे द्राक्षासव पुष्कळ मराठी घरांच्या कपाटात असते. द्राक्ष आंबवण्याची विद्या येथे जुनीच आहे. नवे आहे ते तिचे शास्त्रशुद्ध रूप.

तथापि मद्याविषयी आपल्या समाजात जो धाक आहे त्याला कारणे आहेत, आणि त्यांचा अवमान करणे मला मान्य नाही. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. परवान्याची आणि वयाची अट आजही त्याच चौकटीतून येते, आणि ती पाळलीच पाहिजे. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दालनांत वाईन विकण्यास मुभा देण्याचे ठरवले, तेव्हा झालेल्या तीव्र विरोधामागे उद्ध्वस्त संसारांचा अनुभव होता, आणि तो निर्णय अंमलात आला नाही. वाईन आरोग्यदायी आहे, हा प्रचारही निराधार समजावा. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले आहे. जो पीत नाही त्याने ती सुरू करावी, असे सांगण्याचा माझा हेतू नाही. जो पितो त्याने मात्र थोडी, जेवणासोबत, चव जाणून प्यावी. आणि तेवढ्यासाठी खिसा रिकामा करण्याची गरज नाही.

शेवटी एक व्यवहार्य सूचना. चार समानधर्मी शेजाऱ्यांनी वर्गणी काढून एकाच वाणाच्या, एकाच हंगामाच्या, परंतु दोन भिन्न उत्पादकांच्या बाटल्या आणाव्यात; दोन्हींवर कागद गुंडाळून नाव आणि किंमत झाकावी; सारख्या तापमानाला, सारख्या जेवणाबरोबर त्या चाखाव्यात; आणि प्रत्येकाने आपले मत आधी लिहून मगच कागद काढावा. असे काही प्रसंग झाले की कोणती वाईन आपल्या घराला, आपल्या जेवणाला आणि आपल्या मिळकतीला साजते, हे सांगायला विक्रेत्याची शिफारस लागणार नाही, आणि डोळस ग्राहक मिळाल्यामुळे नाशिक-सोलापूरच्या प्रामाणिक उत्पादकालाही झगमगत्या चिठ्ठीऐवजी आपल्या द्राक्षाच्या गुणावर भरवसा ठेवता येईल.