जीपचा मध्यबिंदू

विलीज जीप सुट्या भागांच्या रूपात १९४७ साली भारतात आली आणि दोन वर्षांत महिंद्रांनी मुंबईत, माझगावला, तिची जुळणी सुरू केली. या घराण्यातली उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनली, आपल्याकडे मात्र तिचं उत्पादन त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिलं. आज हौशी मंडळी या गाड्या पार चॅसीपर्यंत खोलून नव्याने बांधतात. रंग झळकतो, इंजिन पहिल्याच फटक्यात बोलतं. पण रस्त्यावर आली की गाडी कधी डावीकडे ओढते, कधी उजवीकडे, आणि चालवणाऱ्याचे हात क्षणभर मोकळे राहत नाहीत. बहुतेक वेळा दोष सुट्या भागांचा नसतो. ते कोणत्या क्रमाने जुळवले, तिथे चूक झालेली असते.

या जीपचा स्टिअरिंग बॉक्स रॉस पद्धतीचा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, लाफाएत गावच्या रॉस कंपनीचं हे काम. स्टिअरिंगच्या नळीच्या खालच्या टोकाला एक कॅम असतो, त्यावर नागमोडी खाच कोरलेली. लिव्हरच्या दोन निमुळत्या पिना त्या खाचेत बसतात. चाक फिरलं की पिना खाचेतून सरकतात, लिव्हरचा शाफ्ट वळतो आणि त्याच्या टोकाचा ड्रॉप आर्म मागेपुढे होतो. यातली सर्वांत सुंदर गोष्ट बाहेरून दिसतच नाही: ती खाच मध्यावर मुद्दाम कमी खोल ठेवलेली असते. त्यामुळे गाडी सरळ चालताना पिना तिथे घट्ट बसतात आणि प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, जवळपास शून्यावर येतो. वळणावर खाच खोल होते, पकड सैलावते. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळच चालणार आणि झीजही मध्यावरच होणार, हे ओळखून केलेली ही रचना आहे. ज्याने ती सुचवली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता नेहमीचा शॉर्टकट पाहा. गाडी सरळ उभी आहे, पण स्टिअरिंगचा आरा तिरका दिसतो. मग नट काढून चाक उपसायचं आणि सरळ करून परत बसवायचं. डोळ्याला समाधान मिळतं, पण पिना अजून खाचेच्या सैल भागातच आहेत. गाडी सरळ जाताना बॉक्स मात्र वळणावर असतो. मग प्ले घालवायला बाजूच्या झाकणाचा स्क्रू आवळला जातो आणि पुढच्या वळणावर मध्य ओलांडताना स्टिअरिंग अडकतं.

म्हणून सुरुवात बॉक्सपासून करायची आणि चाकांपर्यंत जायचं. आधी ड्रॉप आर्मला जोडलेली ड्रॅग लिंक सोडवायची, नाहीतर चाकांचे अटकाव बॉक्सची खरी टोकं दाखवत नाहीत. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवायचं, फेरे मोजायचे आणि निम्मे परत यायचं. हा मध्य. टोकाला धडकवायचं नाही, पिना आणि खाच दोन्ही दुखावतात. मग बाजूचा स्क्रू सैल ठेवून वरच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त करत कॅमचा उभा प्ले काढायचा आणि त्यानंतरच, मध्यावर, स्क्रूने लिव्हर जुळवायचा. मध्य ओलांडताना बोटांना किंचित ओढ जाणवली की पुरे.

पुढे बेलक्रँक. हा ड्रॅग लिंक आणि चाकं वळवणारे दोन्ही टाय रॉड यांना जोडणारा मधला दुवा. टाय रॉडकडचं त्याचं टोक पुढच्या ॲक्सलशी काटकोनात आणायचं. आता ड्रॅग लिंक दोन्हीकडे न ओढता बसली पाहिजे. बसत नसेल तर ड्रॉप आर्म एखादा दाता चुकून चढवला आहे का, ते बघायचं.

चाकं सरळ करायला लेसरचं यंत्र लागत नाही, सुतळी पुरते. टायर सारखे असले की मागच्या चाकाला सुतळी लावून ती पुढच्या चाकापर्यंत ताणायची. पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना ती सारखी टेकेपर्यंत त्या बाजूचा टाय रॉड फिरवायचा. डावी बाजू झाली की तसंच उजवीकडे. शेवटी उजवा टाय रॉड साधारण अर्धा फेरा आखूड केला की टो-इन मिळतो. कंपनीने दिलेलं माप १.२ ते २.४ मिलिमीटर आहे, म्हणजे चाकं समोरच्या बाजूला तेवढी जवळ. त्याआधीचं चाकं सरळ करण्याचं काम मात्र एकाच रॉडवर उरकू नये, बेलक्रँकचा काटकोन जातो.

तीन अंशांचा कॅस्टर (किंगपिनचा मागे कल) आणि दीड अंशाचा कॅम्बर (चाकाचा बाहेर कल) ॲक्सलच्या घडणीतच आहे. पाटे बसले असतील तर कॅस्टर कमी होतो, मग पाटा आणि ॲक्सलमध्ये पाचर घालावी लागते. किंगपिनच्या बेअरिंगच्या शिमकडे मात्र दुर्लक्ष नको. त्या सैल राहिल्या की ठरावीक वेगाला पुढची चाकं थडथडू लागतात आणि त्या वेळी कुठलीही अलाइनमेंट कामाला येत नाही.

सगळे क्लॅम्प आवळून गाडी रस्त्यावर काढली की मोठ्या वळणात थोडा प्ले जाणवेल. तो राहू द्यायचा, कंपनीच्या पुस्तकातही त्याला दोष मानलेलं नाही. तो घालवायला स्क्रू आणखी आवळला, तर वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून परत फिरायचं थांबतं.